सह्याद्रीच्या निवांत वाटा आणि सायकल

घाट म्हटला, कीं शहरांत राहणाऱ्या कुटुंबाच्या डोळ्यांपुढें मोटारीची खिडकी उभी राहते. खिडकीबाहेर एक दरी येते, एक धबधबा येतो, कोणीतरी बोट दाखवितो, आणि इतरांच्या माना वळेपर्यंत तो देखावा मागें पडलेला असतो. उलट, त्याच घाटांतून पायीं जाणाऱ्याला सर्व कांहीं दिसतें; पण दिवसभर चालून तो फार तर आठ-दहा कोसांची मजल मारतो. या दोहोंच्या मध्यें बसणारें एक साधन बहुतेक मध्यमवर्गीय घरांनीं कधीं ना कधीं वापरलेलें आहे. तें साधन म्हणजे सायकल. शाळेंत जाण्यासाठीं, कचेरीस जाण्यासाठीं, दळण आणण्यासाठीं ती उपयोगी पडली. परंतु डोंगर आणि सायकल यांची सांगड सहसा कोणी घालीत नाहीं. चढावर ती ढकलावी लागते आणि उतारावर ती आवरत नाहीं, हा समज त्याच्या मुळाशीं असतो.

हा समज अर्धाच खरा आहे. निराळ्या दांत्यांची चाकें असलेली, म्हणजे गिअरची, सायकल आज सर्वत्र मिळते आणि तिच्या साह्यानें बेताचा चढ बसल्या जागेवरून चढतां येतो. डोंगरी रस्त्यांच्या बांधणींत वीस फूट लांबीस एक फूट उंची हा चढ सर्वसाधारण मानला जातो. अशा चढावर नवखा पण निरोगी माणूस ताशीं सहा-सात किलोमीटरच्या गतीनें जाऊं शकतो. ही गति झपझप चालणाऱ्याच्या गतीहून फारशी अधिक नाहीं. आणि हाच तिचा मोठा गुण आहे. इंजिनाची घरघर नसल्यामुळें रानांतली शीळ कानांवर येते, कांच आड नसल्यामुळें ओल्या मातीचा वास नाकाला जाणवतो, आणि दम लागला म्हणून थांबावें तर थांबल्या जागेचीच ओळख होते.

मात्र त्यासाठीं रस्ता निवांत असावा लागतो. मुंबई, पुणें, कोल्हापूर यांना जोडणारे मोठे घाट सायकलीला सोयीचे नाहींत. तेथें मालमोटारींच्या रांगांत सायकलस्वाराचें लक्ष झाडांकडे राहत नाहीं, जिवाकडे राहतें. ज्या रस्त्यानें दोन मोठीं शहरें जोडलीं जात नाहींत आणि ज्याच्या शेवटीं एखादें खेडें, तळें किंवा देऊळच असतें, तो रस्ता निवांत राहतो. असे रस्ते एका ठिकाणीं पाहावयाचे असल्यास सातारा जिल्ह्यांतील कोयनेच्या खोऱ्याइतकें सोयीचें ठिकाण क्वचितच सांपडेल.

या खोऱ्याची घडण लक्षांत घेतली, म्हणजे तेथील शांततेचें अर्धें कारण कळतें. महाबळेश्वरास उगम मानल्या जाणाऱ्या पांच नद्यांपैकीं कृष्णा आणि वेण्णा देशाकडे वळतात, सावित्री कोंकणांत उडी घेते. कोयना मात्र दोन डोंगररांगांच्या मधून सरळ दक्षिणेची वाट धरते. सुमारे साठ-पासष्ट किलोमीटर याप्रमाणें वाहून हेळवाकजवळ ती एकदम पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. पश्चिमेस सह्याद्रीचा मुख्य कणा, पूर्वेस त्याची दुसरी रांग, आणि मध्यें हें लांबट, अरुंद खोरें. कोंकण व देश यांच्यामधील मोठी रहदारी या खोऱ्याला टाळून जाते. उत्तरेस ती आंबेनळी घाटानें महाबळेश्वराहून पोलादपुरास उतरते, आणि दक्षिणेस कुंभार्ली घाटानें पाटणहून चिपळुणास. मधला सारा प्रदेश वनाचा, पाण्याचा आणि तुरळक वस्तीचा आहे.

या खोऱ्यांत शिरण्याची पहिली वाट साताऱ्याहून निघते. शहराच्या पाठीशीं यवतेश्वराचा छोटा घाट आहे. सकाळचा पहिला घाम तेथें निघतो. घाट चढून वर आलें, कीं रस्ता डोंगराच्या पाठीवरून पश्चिमेकडे जाऊं लागतो. डाव्या हाताला खोल खालीं उरमोडीचा जलाशय, उजव्या हाताला वेण्णेवरील कण्हेरचा जलाशय, आणि मध्यें धारेवरून चाललेला हा रस्ता. सुमारे पंचवीस किलोमीटर गेल्यावर कासचें पठार येतें. त्याची उंची सुमारे १,२०० मीटर आहे. म्हणजे साताऱ्याहून निघाल्यापासून सायकलस्वार जवळजवळ पांचशें मीटर वर आलेला असतो, आणि तरीहि छाती फुटेल असा चढ त्याला फारसा लागलेला नसतो.

कासचें पठार जांभ्या खडकाचें आहे. खडकावर मातीचा थर इतका पातळ, कीं मोठें झाड तेथें मूळच धरूं शकत नाहीं. पावसाळ्यांत हा कातळ पाणी धरून राहतो आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत त्याच्यावर लहान लहान फुलांचे थर येतात. तेरड्याचा गुलाबी रंग, सोनकीचा पिवळा, गेंदाचे पांढरे ठिपके, असे पट्टे एकामागून एक उमलतात. दवबिंदूसारखी कीटक खाणारी वनस्पति, सीतेच्या आसवांचीं जांभळीं फुलें आणि मूळची याच परिसरांतली वायतुरा येथें सांपडते. आसपासच्या उतारांवर कारवी सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलते आणि फुलून मरून जाते. युनेस्कोनें २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ३९ स्थळें जागतिक वारशाच्या यादींत घेतलीं. महाराष्ट्रांतील चार स्थळांपैकीं कास हें एक आणि कोयनेचें अभयारण्य हें दुसरें. फुलांच्या दिवसांत येथें प्रवेशाला शुल्क आणि मर्यादा असते, आणि सुटीच्या दिवशीं मोटारींची दाटी होते. म्हणून सायकलस्वारानें मधला वार निवडावा, किंवा फुलांचा लोभ सोडून हिवाळ्यांत यावें. त्या वेळीं पठार पिवळें, कोरडें आणि निर्जन असतें. रंग नाहींत, पण वारा आहे आणि पश्चिमेकडे डोंगरांच्या एकामागें एक पांच-सहा ओळी स्पष्ट दिसतात.

पठाराच्या पलीकडे साताऱ्याला पाणी पुरविणारें कासचें तळें आहे. तेथून रस्ता दाट झाडींत शिरतो आणि वळणें घेत बामणोलीस उतरतो. येथवर उघड्या माळावरून आलेल्याला हा बदल अंगावर जाणवतो. ऊन नाहींसें होतें, हवा गार होते, आणि जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा या झाडांच्या सांवलींतून चाकें आपोआप धांवूं लागतात. फांद्यांच्या शेंड्यांवरून कधीं तपकिरी, लांब शेपटीचें शेकरूं उडी मारून जातें. महाराष्ट्राचा राज्यप्राणी तो हाच. उताराच्या तळाशीं बामणोली आणि बामणोलीच्या तळाशीं पाणी. कोयनेच्या धरणानें अडविलेल्या शिवसागर जलाशयाचा हा कांठ. पलीकडच्या तीरावर अभयारण्य आहे, आणि वासोट्याचा किल्ला त्या रानांत उभा आहे. तेथें जावयाचें तर वनखात्याची परवानगी घेऊन नावेनेंच जावें लागतें. सायकलीचें तेथें काम नाहीं.

बामणोलीहून पाण्याच्या वाटेनें उत्तरेस तापोळा येतें. लांचवाल्याशीं आधीं बोलून सायकल नेण्याची सोय होते कीं नाहीं, हें ठरवून घ्यावें. सोळशी नदी कोयनेला मिळते त्या ठिकाणीं हें गांव वसलें आहे. येथून महाबळेश्वर सुमारे पंचवीस किलोमीटर. या रस्त्याचा हिशेब घरांतील मुलांकडून मांडून घेण्यासारखा आहे. तापोळा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशें मीटरांवर, महाबळेश्वर सुमारे साडेतेराशें मीटरांवर. म्हणजे सातशें मीटर चढावयाचें. दर किलोमीटरास सरासरी अठ्ठावीस मीटर. साठ किलो वजनाचा माणूस आणि वीस किलोंची सायकल व सामान मिळून ऐंशीं किलो सातशें मीटर वर न्यावयाचे. शरीर खाल्लेल्या अन्नाचा सुमारे चौथाच हिस्सा अशा कामीं लावूं शकतें, हें लक्षांत घेतलें तर या चढाला सुमारे सव्वापांचशें कॅलरी खर्च होतात. ज्वारीच्या दोन-अडीच भाकरींत हा घाट चढून होतो! मुलें हें गणित ऐकून हंसतात. पण घामाघूम होऊन महाबळेश्वरीं पोंचल्यावर भाकरीची किंमत त्यांना पुन्हां सांगावी लागत नाहीं.

अर्थात् सरासरी ही फसवी असते. हा रस्ता मध्येंच उतरतो आणि मिळविलेली उंची पुन्हां गमावतो. मध्येंच एखादें वळण भिंतीसारखें उभें राहतें. तेथें सायकलीवरून उतरून चालण्यांत कमीपणा नाहीं. दर तासाला दहा मिनिटें बसावें, तहान लागण्यापूर्वींच पाणी प्यावें, आणि चढ सुरू होण्याच्या आधीं हलका गिअर घ्यावा. चढाच्या ऐन मध्यावर साखळीवर जोर असतांना गिअर बदलूं पाहिल्यास ती निसटते किंवा तुटते. चार तासांचा वेळ धरून निघालेला माणूस हा चढ आनंदानें चढतो. दोन तासांत पोंचण्याचा हट्ट धरलेला माणूस रस्त्याखेरीज कांहींच पाहत नाहीं.

महाबळेश्वराची बाजारपेठ आणि तेथील गर्दी सर्वांस ठाऊक आहे. सायकलस्वारानें तेथें मुक्काम करून दुसऱ्या दिवशीं सूर्य उगवतांच पश्चिमेची वाट धरावी. हा आंबेनळी घाट. इंग्रजी अमदानींत त्याला फिट्झगेराल्ड घाट म्हणत. हा रस्ता प्रथम कोयनेच्या अगदीं वरच्या खोऱ्यांत, जावळीच्या रानांत उतरतो. शिवाजीमहाराजांनीं १६५६ सालीं जावळी घेतली आणि त्यानंतर प्रतापगड बांधविला. १६५९ च्या १० नोव्हेंबरला त्याच गडाच्या पायथ्याशीं अफझलखानाची भेट झाली. हा इतिहास शाळेंत सर्वांनीं वाचलेला असतो. परंतु मोठी फौज या रानांत कां अडखळली असेल, हें सायकलीवरून जितकें उमगतें तितकें पुस्तकांतून उमगत नाहीं. दर वळणापुढें काय आहे तें झाडींतून दिसत नाहीं, घोड्यांना पसरावयास जागा नाहीं, आणि वर चढण्यास लागणारा दम प्रत्यक्ष छातींत मोजतां येतो. जवळच पार गांवीं शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल आहे. मुख्य रस्ता सोडून तेवढी वांकडी वाट अवश्य करावी.

प्रतापगडाच्या फांट्यापासून पोलादपुरापर्यंत उतारच उतार. महाबळेश्वराहून पोलादपूर सुमारे चाळीस किलोमीटर, आणि तेवढ्यांत सायकल सुमारे तेराशें मीटर खालीं येते. नवख्या माणसाला चढाची भीति वाटते. जाणत्याला उताराची वाटते, आणि जाणताच बरोबर असतो. चढतांना स्नायूंनीं खर्च केलेल्या शक्तीपैकीं जी उंचीच्या रूपानें साठली ती उतरतांना परत मिळते, आणि ती कोठें तरी जिरवावी लागते. ब्रेकचीं रबरें सतत दाबून धरलीं, तर घर्षणानें रिम तापते आणि ट्यूब फुटण्याचा धोका असतो. म्हणून ब्रेक थोडा दाबावा, सोडावा, पुन्हां दाबावा. पुढचा आणि मागचा दोन्ही ब्रेक वापरावे. गति वळणाच्या आधीं कमी करावी, वळणांत शिरल्यावर नव्हे. डाव्या अंगानेंच राहावें. कारण अरुंद घाटांत समोरून येणारी एस्. टी. आपलें वळण पूर्ण घेतल्याखेरीज वळूं शकत नाहीं. आठवड्यांतील कामाच्या दिवशीं पहांटे या घाटांत वाहनें विरळ असतात. सुटीच्या दुपारीं तो निवांत राहत नाहीं.

खऱ्या अर्थानें निवांत रस्ता तिसरा. तो कोंकणांतल्या खेडहून निघतो, खोपीवरून रघुवीर घाट चढतो आणि सह्याद्रीच्या माथ्यावरून कोयनेच्या पश्चिम तीरावरील कांदाटी खोऱ्यांत, शिंदी गांवाकडे जातो. आंबेनळी आणि कुंभार्ली यांच्या मधल्या भागांत मोटारीनें चढतां येईल असा घाट हाच. घाट चढतांना पाठीमागें कोंकणचे डोंगर खालीं खालीं जातात, कातळाची भिंत उजव्या-डाव्या हाताला बदलत राहते, आणि माथ्यावर पोंचतांच वारा दिशा बदलून अंगावर येतो. पुढें रान सुरू होतें. तासन् तास एकहि वाहन भेटूं नये, असें येथें होऊं शकतें. शीळ घालणारा कस्तूर ओढ्याकांठीं एखाद्या मुलानें उगाच शिटी वाजवावी तशी शीळ घालतो, आणि तेवढाच आवाज.

या शांततेचें उरलेलें अर्धें कारण मात्र डोंगरांनीं घडविलेलें नाहीं. रस्ता शिंदीच्या पुढें पाण्याशीं जाऊन थबकतो. आणि तें पाणी तेथें नेहमींच नव्हतें. १९५० नंतरच्या दशकांत कोयनेच्या धरणाचें काम सुरू झालें आणि १९६४ पर्यंत तें पुरें झालें. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीमागें सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला. महाराष्ट्राच्या कारखान्यांना आणि घरांना त्या पाण्यानें वीज दिली, हें खरें. पण नदीकांठच्या भाताच्या खाचरांत तें पाणी शिरलें, देवळें आणि घरें त्याखालीं गेलीं, आणि माणसें कांहीं डोंगरउतारावर वर सरकलीं, तर कांहीं कोंकणांतल्या व देशावरच्या दूरच्या गांवीं जाऊन वसलीं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनानगर परिसरांत मोठा भूकंप झाला, त्यांत सुमारे १८० माणसें दगावलीं. पुढें १९८५ सालीं कोयना अभयारण्य झालें, आणि २०१० सालीं कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला; त्यामुळें वस्ती आणखी आटली. मागें उरलेल्या गांवांतील तरुण मुंबईस गेले. जावळी-पाटणच्या कित्येक घरांतला कर्ता पुरुष तेथें माथाडी म्हणून ओझीं वाहतो आणि गणपतींत किंवा शिमग्याला घरीं येतो.

म्हणून या रस्त्यांवरील शांतता ही रिकाम्या जागेची शांतता नव्हे. जेथें वळणावर जुनें आंब्याचें झाड एकटेंच उभें दिसतें आणि शेजारीं जोत्याचे दगड विस्कटलेले असतात, तेथें कोणाचें तरी अंगण होतें. उन्हाळ्यांत जलाशय ओसरला, कीं कांठाशीं भेगाळलेल्या गाळाची रुंद पट्टी उघडी पडते. तेथें कोणाचें तरी शेत होतें. शहरांतून आलेल्या सायकलस्वाराला जें सुख वाटतें, त्याचा कांहीं भाग दुसऱ्यानें फेडला आहे. हें मनांत ठेवून जाणारा माणूस गांवांतून घंटी वाजवीत सुसाट जाणार नाहीं. तो उतरेल, चालेल, आणि ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या आजोबांना रामराम करील. बहुधा पाण्याचा तांब्या पुढें येईल आणि "कोन गांवचं पाव्हनं?" असा प्रश्न येईल. त्या प्रश्नाला घाईनें उत्तर देऊं नये. कारण पुढच्या अर्ध्या तासांत त्या खोऱ्याविषयीं जें ऐकावयास मिळतें, तें कोणत्याहि मार्गदर्शक पुस्तकांत छापलेलें नसतें. आदल्या दिवशीं निरोप देऊन जेवणाची सोय अशाच एखाद्या घरीं केली, आणि योग्य तो मोबदला आग्रहानें दिला, तर नाचणीच्या भाकरीचे चार पैसे त्या घरांत राहतात.

आतां प्रवासाच्या कांहीं गोष्टी. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. मार्च ते मे मध्यें ऊन आणि वणवे. आणि पावसाळ्यांत हे घाट, कितीहि सुंदर दिसले तरी, सायकलीला वर्ज्य समजावे. जुलै २०२१ मध्यें महाबळेश्वरास एका दिवसांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्यांत सबंध पावसाळ्यांत साधारण जेवढा पाऊस पडतो, त्याच्या जवळपास हा एका दिवसाचा पाऊस! त्या दिवसांत पाटण तालुक्यांत आणि महाडकडे दरडी कोसळून वस्त्याच्या वस्त्या गाडल्या गेल्या, आणि आंबेनळीचा रस्ता जागोजाग वाहून गेला. अशा ऋतूंत घाटांत जाणें हें धाडस नव्हे, अविचार आहे.

एकट्यानें जाऊं नये. तीन-चार जण असावे. जादा ट्यूब, पंप, पंक्चर जोडण्याचें सामान आणि साखळीचा जादा जोड बरोबर न्यावा. कारण बामणोलीपासून तापोळ्यापर्यंत सायकलीचें दुकान भेटेलच असें नाहीं. मोबाईलचा संपर्क कित्येक वळणांवर तुटतो. म्हणून कोणत्या रस्त्यानें जाणार आणि केव्हां पोंचणार, हें घरीं सांगून निघावें. अंधार पडण्यापूर्वीं वस्ती गांठावी. रानांत गवे आहेत, अस्वलें आहेत, बिबटे आहेत. तीं माणसाच्या वाटेला सहसा जात नाहींत, पण संध्याकाळीं रस्त्यावर उभ्या असलेल्या गव्याला घंटी वाजवून बाजूला सारण्याचा प्रयत्न करूं नये. थांबावें, मागें सरावें आणि त्याला वेळ द्यावा. सार्वजनिक रस्ता सोडून वनखात्याच्या हद्दींत परवानगीशिवाय शिरूं नये. खाऊचा कागद, पाण्याची बाटली, फुटकी ट्यूब, जें बरोबर नेलें तें सर्व परत आणावें.

या निवांत वाटा किती दिवस निवांत राहतील, हा प्रश्न आज खरोखरच उभा आहे. महाबळेश्वर-पांचगणीचा परिसर २००१ सालीं पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील म्हणून घोषित झाला, आणि तेथील बांधकामावर कांहीं बंधनें आलीं. आतां त्याच्या दक्षिणेस याच कोयना-कांदाटीच्या बाजूला 'नवीन महाबळेश्वर' या नांवाचा विकासप्रकल्प राज्य शासनानें योजिला आहे. रस्ते रुंद होतील, पूल होतील, पर्यटक येतील. शहरांतील रसिकानें यावर चटकन् नाक मुरडूं नये. ज्या बाईला बाळंतपणासाठीं नावेंतून पाणी ओलांडून जावें लागतें, तिला पूल हवा आहे. ज्या मुलाला शाळेसाठीं गांव सोडावा लागतो, त्याला रस्ता हवा आहे. शांतता पाहुण्याला गोड लागते. तीच शांतता आजारपणाच्या रात्रीं घरच्या माणसाला भयाण वाटते. उलट, डोंगराचा पाय तोडून रुंद केलेल्या रस्त्यावर दरड कशी उतरते, हें २०२१ सालानें दाखविलें आहे. आणि मोठीं वाहनगृहें व उपाहारगृहें झालीं म्हणजे त्यांचा पैसा कांदाटीच्या घरांतच राहील, असाहि भरंवसा नाहीं.

या दोन गरजांचा मेळ घालणें हें राज्यकर्त्यांचें आणि तज्ज्ञांचें काम. पण त्यांत सायकलीला एक लहानशी जागा आहे. सायकलीला डोंगर तोडावा लागत नाहीं. आहे तो अरुंद रस्ता, भरलेले खड्डे, वळणावर एक कठडा, आणि आठ-दहा मैलांवर पाण्याची व भाकरीची सोय, एवढें तिला पुरतें. तिच्यावरून येणारा पाहुणा संथ येतो. म्हणून तो गांवांत थांबतो, मुक्काम करतो आणि गांवांतच जेवतो. त्यानें रानांतल्या कस्तुराची शीळ बंद पडत नाहीं, आणि आजोबांच्या ओसरीवर चार पैसेहि येतात. असे पाहुणे शेंकड्यांनीं येऊं लागले, तर रस्ता कसा असावा हें ठरवितांना त्यांचेंहि म्हणणें कोणीतरी ऐकेल.

ज्या श्रोत्यांच्या घरीं जिन्याखालीं एखादी सायकल धूळ खात पडली असेल, त्यांनीं या हिवाळ्यांत ती बाहेर काढावी. साखळीला तेल घालावें, ब्रेकचीं रबरें नवीं बसवावीं आणि मुलांना घेऊन पहिल्या दिवशीं नुसता यवतेश्वराचा घाट चढून यावा. कास, बामणोली, तापोळा आणि रघुवीर घाट कोठें जात नाहींत. मात्र त्या वाटांवरची शांतता कोठें जाणार आहे कीं नाहीं, हें पुढच्या कांहीं वर्षांत ठरेल. ती आहे तोंवर मुलांना दाखवावी, आणि ती कोणाच्या अंगणावरून आली आहे, हेंहि त्यांना सांगावें.